शेवंतीचं वजन

गुरांच्या दवाखान्यात एक मोठं रजिस्टर असतं. त्यात जनावराची जात, मालकाचं नाव, आजार, औषध, सगळ्याला रकाने आहेत. माणसं काय बोलली याला मात्र रकाना नाही. मग ते सगळं डॉक्टरच्या डोक्यात साठत जातं. तेवीस वर्षांची नोकरी, आधी डिचोलीला आणि आता पेडण्यात. रजिस्टरं भरली की कपाटात जातात, डोकं कुठे ठेवणार?

आमच्याकडे येतात गाई, म्हशी, बकऱ्या, कुत्रे आणि कोंबड्या. घोडे अगदी थोडे, एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण मैत्रिणी जमल्या आणि "सांग गं एखादा किस्सा" म्हणाल्या की माझ्या तोंडून घोड्याचाच निघतो. त्यातही वजनाचा! कारण सोपं आहे. औषध द्यायचं ते किलोच्या हिशेबाने, आणि घोडा मावेल असा काटा आख्ख्या तालुक्यात कुणाकडे नाही. आमच्याकडे आहे तो लटकता काटा, बकऱ्यांसाठी. त्याला घोडा टांगायचा म्हणजे आधी दवाखान्याचं छप्पर बदलावं लागेल.

*

भिवा पहिल्यांदा आला तो घोडीला जंताचं औषध मागायला. मूळचा दोडामार्गकडचा, पण आता पेडण्यातच घर केलेला. किडकिडीत अंग, डोक्याला मुंडासं, आणि मागे तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली घोडी. नाव शेवंती. उन्हाळ्यात हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारून आणायची आणि लग्नाच्या दिवसांत नवरदेव मिरवायचे, हे दोघांचं काम.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, "वजन किती?"

भिवाने घोडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "बाय, तुमी सांगशात तितक्या!"

मला वाटलं, थट्टा करतोय. नंतर कळलं की हा माणूस कुणालाच नाही म्हणू शकत नाही. तुम्ही शेवंतीला गाय म्हणालात तरी तो आधी "होय" म्हणेल, आणि मग घरी जाऊन विचार करेल.

*

आमचा अटेंडंट पुंडलिक डिचोलीजवळच्या नार्व्याचा, डिचोलीपासून माझ्याबरोबर आहे. रोज म्हापशाला बस बदलून पेडण्याला येतो आणि तरी माझ्याआधी पोचतो. त्याला काटा, टेप, सूत्र यांपैकी कशाचीच गरज वाटत नाही. एक डोळा मिटतो, मान किंचित वाकडी करतो आणि आकडा सांगतो. वासराचं, डुकराचं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या विस्वण माशाचं, कशाचंही. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा बरोबर सांगतो!

शेवंतीला बघून त्याने डोळा मिटला. "अडीचशें! एक किलो चड ना."

मी टेप काढली. पुढच्या पायांच्या अगदी मागून छातीभोवती घेर मोजला, एकशे चौसष्ट सेंटिमीटर. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजली, एकशे पन्नास. मग घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला भागिले अकरा हजार आठशे ऐंशी. उत्तर आलं तीनशे चाळीस किलो.

पुंडलिकचा नव्वद किलोंनी नेम चुकला होता. घोड्याच्या लांब पायांमुळे भल्याभल्यांचा चुकतो. पण त्याने हार मानली नाही. विचारलं, "हो अकरा हजार आठशें ऐंशी आंकडो कोणें काडला?"

मी म्हटलं, "ते काही मला माहीत नाही."

"मागीर म्हजो दोळो बरो. तो कोणें दिला तें तरी खबर आसा!"

*

दर दोन महिन्यांनी वजन कळलं तर बरं, असं मी भिवाला सांगितलं. दर खेपेला घोडी चालवत आणायची गरज नाही, घरीच घेर मोज आणि कळव. त्याच्या घरी शिंप्याची टेप होती, ती दीड मीटरची. घोडीला घातली तर वीतभर कमी पडली. मग त्याने डोकं चालवलं. नायलॉनची दोरी घोडीच्या छातीभोवती गुंडाळली, जिथे टोक आलं तिथे घट्ट गाठ मारली आणि ती दोरी पिशवीत घालून बसने निघाला. कल्पना उत्तम होती, मी स्वतः त्याला शाबासकी दिली असती.

बसमध्ये शेजारी एक बाई बसली होती. तिच्याजवळ दोन फणस आणि फाटलेलं पोतं. फणस सारखे बसभर फिरत होते. तिने भिवाच्या पिशवीतून डोकावणारी दोरी बघितली आणि म्हणाली, "भाऊ, जरा दी रे."

आता भिवा काय नाही म्हणणार? तिने गाठ सोडली, फणस बांधले, आपल्या थांब्यावर उतरताना फणस सोडले आणि दोरी प्रामाणिकपणे परत दिली.

भिवा दवाखान्यात आला, दोरी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बाय, माप सुटलां. पण दोरी हाडलंय!"

*

घोड्यांच्या गोष्टींत एक खोट्या घोड्याचीही आहे, ती मी डिचोलीत असतानाची. शिगम्याचे, म्हणजे होळीचे दिवस होते. आमच्याकडे शिगम्याला घोडेमोडणी असते. बांबूचा आणि कापडाचा घोडा कमरेला बांधायचा, हातात तलवार घ्यायची आणि ढोलावर नाचायचं. एक पन्नाशीचा गृहस्थ एका हाताने कंबर धरून आणि दुसऱ्या हाताने तो घोडा ओढत माझ्या दारात उभा राहिला. घोड्याला झेंडूच्या माळा, डोळे रंगवलेले.

"काय झालं?"

"पाठ गेली. डॉक्टरान सांगलां, वजन उकलू नाका. तुमचो घोडो कितलो जड तें विचारून यो म्हणाला."

"अरे, पण मग इथे का आलास?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले. म्हणाला, "घोड्याचो डॉक्टर आनी खंय मेळटलो?"

बिनतोड! मी निमूटपणे तो घोडा बकऱ्यांच्या काट्याला टांगला. पुंडलिकने आधी एक डोळा मिटून "णव किलो" सांगितलं होतं. काट्यावर आले नऊ. माझ्या नोकरीत दवाखान्याच्या काट्यावर मोजलेला हा एकुलता एक घोडा, आणि त्याची रजिस्टरमध्ये नोंद नाही.

*

पुंडलिकला त्या अकरा हजार आठशे ऐंशीचा राग होताच. टेप खोटी आहे हे सिद्ध करायचं म्हणून त्याने डिचोलीकडच्या ओळखीने ट्रकांचा वजनकाटा ठरवला. खनिज भरलेले ट्रक ज्याच्यावर मोजतात तो. भिवाने अर्थातच होकार दिला. शेवंतीला टेम्पोत चढवलं, मीही माझ्या स्कूटरने गेले. म्हटलं, एकदाचा निकाल लागू दे.

आधी भरलेला टेम्पो मोजला. मग सगळे उतरले, शेवंतीला खाली घेतलं आणि रिकामा टेम्पो मोजला. वजाबाकी केली. शेवंतीचं वजन आलं सहाशे वीस किलो!

पुंडलिक टाळ्या पिटायला लागला. त्याचा आकडा अडीचशे होता हे तो तेवढ्यात विसरला. टेप खोटी ठरली एवढ्यानेच त्याचं पोट भरलं. भिवाचा चेहरा मात्र बघवत नव्हता. काट्याला खोटं म्हणायचं धाडस नाही आणि घोडीवर विश्वास बसत नाही. शेवटी म्हणाला, "असात बाय. हल्ली पेज जरा जास्तच खाता."

मी हळूच विचारलं, "पहिल्यांदा मोजलं तेव्हा टेम्पोत कोण कोण होतं?"

शेवंती होती. तिला धरून भिवा होता. भिवाला धरून पुंडलिक होता. डिचोली बघायची म्हणून आलेला भिवाचा शेजारी होता. गवताचे दोन भारे होते. आणि दुसऱ्या खेपेला टेम्पो काट्यावर तसाच ठेवून ड्रायव्हर चहाला गेला होता!

पुन्हा सगळं नीट केलं. या वेळी आलं तीनशे चाळीस. मी हसून काट्यावरच्या माणसाला म्हटलं, "बघा, आमची टेप किलोकिलोला बरोबर."

तो कॉम्प्युटरवरून नजर न हलवता म्हणाला, "किलोकिलोक? बाय, हो काटो वीस-वीस किलोनी वयर-सकल जाता. हांगा दोंगर मेजतात. तुमची घोडी आमकां धुळीइतली!"

*

इथवर सगळी मजाच होती. मग एक दिवस शेवंती चालेना.

किनाऱ्यावर एका पर्यटकाने "सत्तर किलो" म्हणून सांगितलं आणि बसला. भिवाने मान डोलावली. माणूस नंतर मला त्या फेरीच्या व्हिडिओत दिसला, शंभरच्या आतला मुळीच नव्हता. शेवंती फेरी पूर्ण करून आली, कारण ती भिवाचीच घोडी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पाठीला हात लावला तरी कातडी थरथरत होती. दीड महिना ती खोपीत उभी होती. भिवा रोज शेक द्यायचा, मी आठवड्याला दोनदा जायचे. वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. तिची पाठ अशी जायची ही दुसरी वेळ, पहिली मी तिला ओळखायच्या आधीची.

बरी झाल्यावर मी भिवाला समोर बसवलं. "हे बघ, घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त वजन द्यायचं नाही. खोगीर धरून. शेवंतीचे तीनशे चाळीस, म्हणजे अडुसष्ट. एकोणसत्तर नाही. तिसऱ्यांदा हिची पाठ गेली तर ही उठायची नाही, आणि मग मलाही बोलवू नकोस."

"होय बाय," भिवा म्हणाला. त्याने कोळशाने खोपीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत ६८ लिहिलं.

पण लोकांना नाही म्हणायचं कसं? त्याने माणसांचा वजनकाटा आणला आणि वाळूत ठेवला. वाळूत काटा रुततो आणि वजन कमी दाखवतो. सगळं हरमल एका दिवसात बारीक झालं! मग खाली फळी टाकली. तर लोक चपला काढत, पाकीट काढत, मोबाईल बायकोकडे देत, आणि एकजण तर श्वास सोडून उभा राहिला.

पंधरा दिवसांनी मी सहज किनाऱ्यावर गेले. एक गलेलठ्ठ गृहस्थ हट्टाला पेटले होते. भिवा हात जोडून उभा. म्हणाला, "माझी काय हरकत नाय हो साहेब. पण हिका विचारतंय." आणि शेवंतीच्या कानामागे बोट लावून विचारलं, "काय गो, बसांदेत?"

शेवंतीने जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, नाही!

"बघा," भिवा दिलगिरीने म्हणाला, "तीच नको म्हणता."

*

टेपचा आणि पुंडलिकचा तह कसा झाला तेही सांगते. एका रिकाम्या दुपारी भिवा दवाखान्यात बसला होता. पुंडलिकचं नेहमीचं चाललं होतं, की या सूत्रात काही राम नाही. भिवा एकदम म्हणाला, "मगे तुजा मापून बघूया? तुजा वजान तुका म्हायत आसा मां?"

पुंडलिक सदुसष्ट किलोंचा. आदल्याच आठवड्यात आरोग्य शिबिरात मोजलेला. त्याने शर्ट काढला आणि तपासणीच्या टेबलावर दोन्ही हात टेकून ओणवा उभा राहिला. भिवाने छातीचा घेर घेतला, शहाण्णव. खांद्यापासून मागच्या टोकापर्यंत लांबी घेतली, सत्त्याऐंशी. मी खिडकीकडे तोंड करून मोबाईलवर हिशेब करत होते, कारण मला हसू आवरत नव्हतं.

नेमक्या त्या क्षणी कोरगावचे एक म्हातारे शेतकरी बकरी घेऊन दारात आले. बराच वेळ बघत राहिले. मग काळजीने विचारलं, "तेका काय जालां?"

भिवा टेप गुंडाळत म्हणाला, "जंत!"

म्हातारे बकरी घेऊन आल्या पावली मागे फिरले. त्यांना परत आणायला मला रस्त्यापर्यंत पळावं लागलं. उत्तर मात्र सदुसष्ट आलं. त्या दिवसापासून पुंडलिक अकरा हजार आठशे ऐंशीबद्दल वाईट बोलत नाही. फक्त घरी सांगू नका म्हणाला.

*

गेल्या वर्षी भिवाच्या मुलाचं, सुशांतचं, लग्न ठरलं. सुशांत डिचोलीला एका कारखान्यात कामाला आहे. शांत, बापासारखाच. त्याची आई तो शाळेत असतानाच गेली. त्याला वाढवलं भिवाने.

भिवा आयुष्यभर दुसऱ्यांचे मुलगे घोडीवर बसवून लगाम धरून पुढे चालला. कुणाकुणाची लग्नं लावली! आणि त्याच्या मनात एकच होतं, की एक दिवस आपला मुलगा आपल्या घोडीवर बसेल आणि लगाम आपण धरू. हे तो मला लग्न ठरायच्या कितीतरी आधी सांगायचा. दुसरं काहीच त्याने कधी मागितलेलं मला आठवत नाही.

मी कागदावर हिशेब मांडला. सुशांत सहासष्ट. लग्नाचं खोगीर, झूल, रिकिबी मिळून सात. एकूण त्र्याहत्तर. शेवंतीला परवानगी अडुसष्टची. सुशांतला बसायचं तर शेवंती तीनशे पासष्ट किलोंची हवी, म्हणजे पंचवीस किलो जास्त. आणि मिरवणूक हमरस्त्यापासून हॉलपर्यंत, सगळी चढण.

"होय बाय," भिवा म्हणाला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

महिनाभराने टेप लावली तर शेवंतीचा घेर एकशे सदुसष्ट! वजन तीनशे बावन्न. मी चक्रावले. मग खोपीच्या कोपऱ्यात बघितलं, तर चण्यांचं पोतं, गुळाची ढेप आणि तांदळाचा कोंडा.

मी भडकले. "अरे, चरबी वाढली म्हणून पाठ मजबूत होते का? माझ्या पोटाला तांदळाची पिशवी बांधलीस तर मी काय तुला उचलून नेईन? उलट ते ओझं तिच्यावर आणखी!"

चणे बंद झाले. पुढच्या महिन्यात शेवंती पुन्हा तीनशे चाळिसावर आली.

मग त्याने मुलाला धरलं. सुशांतला सकाळ-संध्याकाळ नुसती पेज! पोर दोन किलो उतरलंही. पण तेवढ्यात केळवणं सुरू झाली. मावशी म्हणाली, "नवरो काटकुळो दिसता, खाऊक घालीत नाय की काय बापूस?" तिच्याकडे खतखतं आणि पुरणपोळ्या, आत्याकडे वडे-सागुती, वाळपईच्या मामाकडे तर चार दिवस मुक्काम. सुशांत परत सहासष्ट!

मी सुचवलं, सुशांत चालत जाऊ दे, शेवंतीला सजवून पुढे ठेव. चारचौघांत छान दिसेल. भिवा "होय बाय" म्हणाला. पण आता मला त्याचं होय कळायला लागलं होतं.

लग्नाच्या चार दिवस आधी तो दवाखान्यात आला. खुर्चीवर बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "बाय, त्या दिवशी सकाळी तुमी येवा. टेप लावा. टेप काय सांगता तां खरां. तीनशे पासष्ट इला तर तुमी काय बोलूचा नाय. नाय इला तर मी काय बोलूचंय नाय."

मी कबूल झाले. टेप काय सांगणार ते मला ठाऊक होतं, त्याच सकाळी मी खोपीवर जाऊन मोजून आले होते. मला वाटलं, नाही म्हणायचं काम माझ्याऐवजी टेपने केलं तर बरंच.

*

लग्नाच्या सकाळी मी आणि पुंडलिक भिवाच्या खोपीवर गेलो. अंगणात बँडवाले कॉफी पीत होते. शेवंतीच्या अंगावर लाल झूल, गळ्यात अबोलीचे गजरे, पायात घुंगरं. सुशांत शेरवानी घालून, फेटा बांधून एका बाजूला उभा होता. मावशी, आत्या, शेजारी सगळे दारात. सगळ्यांना टेपचं माहीत होतं.

पुंडलिकने झूल बाजूला केली. मी शेवंतीच्या डावीकडे उभी राहिले आणि भिवा पलीकडच्या बाजूला गेला, नेहमीसारखाच. मी टेपचं टोक तिच्या पाठीवरून टाकलं. त्याने ते पोटाखालून माझ्याकडे सरकवलं. पलीकडून मला त्याचं फक्त मुंडासं दिसत होतं.

मी टेप ताणली आणि वाचली. एकशे सत्तर.

मला वाटलं, वाचायला चुकले. परत वाचली. एकशे सत्तरच! चार दिवसांपूर्वी एकशे चौसष्ट होती.

"लांबी तीच, एकशे पन्नास," मी पुंडलिकला म्हटलं. तो मोबाईलवर बोटं आपटत होता. त्याने दोनदा हिशेब केला. मग ओरडला, "तीनशें पांसश्ट!"

अंगणात एकच गलका झाला. मावशी रडायलाच लागली. बँडवाल्यांनी पेले खाली ठेवले आणि कुणीतरी क्लॅरिनेटला फुंकर घातली. पुंडलिक खोगीर आणायला धावला. सुशांत पुढे आला, शेवंतीच्या मानेवरून हात फिरवला आणि बापाला शोधायला लागला.

मी तशीच उभी होते. टेप माझ्या हातात. चार दिवसांत पंचवीस किलो कुठलाही घोडा वाढत नाही, हे मला कळत होतं. पण मी काही बोलणार नाही असं कबूल केलं होतं. शेवंती एक पाय उचलून दुसऱ्यावर भार टाकत उभी होती. अजून तिच्या पाठीवर काही नव्हतं. मी तिच्या पाठीवर तळहात ठेवला.

टेप सोडावी म्हणून मी ओढली. ती सैल होईना. पलीकडून कुणीतरी धरून ठेवली होती.

खोगीर घेऊन पुंडलिक आला. सुशांतने शेरवानीचं टोक वर धरलं.

"थांबा," पलीकडून भिवाचा आवाज आला. इतका मोठा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. बँड थांबला.

मुंडासं हललं नाही. मग तो अगदी हळू म्हणाला,

"बाय, परत एकदा मापा. ह्या बाजूक टेपीखाली माजी मूठ आसा."